समीकरणातला पाच कशाला लावायचा?

पत्र : मी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीपर्यंत माझे माध्यम मराठी होते आणि आता सारे इंग्रजीतून आहे. मोलची साधी गणिते मला जमतात, पण ज्वलनाच्या गणितात वायूचे आकारमान विचारले की उत्तर चुकते. सोबत वहीतील तीन गणिते पाठवीत आहे. पहिल्यात २.२ ग्रॅम प्रोपेन पूर्ण जळण्यासाठी किती लिटर ऑक्सिजन लागेल, असे विचारले होते. माझे उत्तर ७.७ आले, पुस्तकात ५.६ आहे. दुसऱ्यात ११.६ ग्रॅम ब्युटेनच्या ज्वलनातून मिळणाऱ्या वायूचे एस.टी.पी.ला, म्हणजे प्रमाण तापमान आणि दाबाला, आकारमान हवे होते, माझे ४०.३ लिटर आले, पुस्तकात १७.९ आहे. तिसऱ्यात ग्रॅमच दिलेले नाहीत, म्हणून ते सुटले नाही. शिवाय एका पुस्तकात मोलचे आकारमान २२.४ लिटर आहे आणि दुसऱ्यात २२.७, खरे कोणते? मैत्रिणी म्हणतात, सूत्रे पाठ कर. सूत्रे तर पाठ आहेत. मग चुकते कुठे? आणि या गणितांचा परीक्षेपलीकडे काही उपयोग आहे का?
— अकरावीची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या वहीची पाने नीट पाहिली. तू प्रत्येक पायरी लिहिली आहेस, म्हणूनच चूक सापडली. जे विद्यार्थी केवळ शेवटचा आकडा लिहून मोकळे होतात, त्यांची चूक शोधायची म्हटले तरी हाती काही लागत नाही. तुझे समीकरण बरोबर संतुलित आहे: प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी. त्याच्या लगेच खाली मात्र तू "२.२ × ५ = ११ ग्रॅम ऑक्सिजन" असे लिहिले आहेस, ११ ला ३२ ने भागले आहेस, २२.४ ने गुणले आहेस आणि ७.७ लिटरवर पोहोचली आहेस. भागाकार, गुणाकार, रेणुवस्तुमान, सारे बिनचूक आहे. चूक आहे ती त्या पहिल्या ओळीत, आणि ती एवढीच की समीकरणातला पाच तू ग्रॅमला लावलास.

तो पाच ग्रॅमचा नाही, संख्येचा आहे. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात, इतकेच समीकरण सांगते. रेणू जड की हलका, याविषयी ते काहीही बोलत नाही. पूजेच्या यादीत एका नारळामागे पाच सुपाऱ्या लिहिलेल्या असतील, तर अर्ध्या किलोच्या नारळासाठी अडीच किलो सुपारी कोणी आणत नाही. नारळ मोजायचे, त्यांची पाचपट सुपाऱ्या मोजायच्या, आणि वाण्याकडे वजनच सांगायचे असेल तर मग एका सुपारीच्या वजनाने गुणायचे. रसायनशास्त्रात एकेक रेणू मोजणे शक्य नाही, म्हणून आपण मोलने मोजतो, जसे केळी डझनाने मोजतो. फरक एवढाच की डझनात बारा नग असतात आणि मोलमध्ये ६.०२२ × १०²³. मे २०१९ पासून ही संख्या ६.०२२१४०७६ × १०²³ अशी नेमकी ठरवून टाकण्यात आली आहे. तुझ्या गणितात मात्र ती बहुतेक वेळा लिहावीही लागणार नाही.

आता तेच गणित पुन्हा करू. प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू, म्हणजे एका मोलचे वस्तुमान ३६ अधिक ८, अर्थात ४४ ग्रॅम. २.२ ग्रॅम म्हणजे २.२ भागिले ४४, म्हणजे ०.०५ मोल. पाच लावायचा तो येथे: ०.०५ × ५ = ०.२५ मोल ऑक्सिजन. एस.टी.पी.ला एक मोल २२.४ लिटर धरले, तर ०.२५ मोल म्हणजे ५.६ लिटर. पुस्तकाचे उत्तर आले.

उत्तर पडताळायची एक रीत सांगतो. परीक्षेत वेळ नसला तरी घरी करून पाहावी. ०.२५ मोल ऑक्सिजन म्हणजे ८ ग्रॅम, तू लिहिलेले ११ नव्हे. जळणाऱ्या पदार्थांची बेरीज २.२ + ८ = १०.२ ग्रॅम. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड ०.१५ मोल, म्हणजे ६.६ ग्रॅम, पाणी ०.२ मोल, म्हणजे ३.६ ग्रॅम; बेरीज पुन्हा १०.२. वस्तुमानाचा हिशेब असा दोन्ही बाजूंना जुळलाच पाहिजे. ११ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन हीच बेरीज केली असतीस, तर १३.२ विरुद्ध १०.२ असे दिसले असते आणि चूक तुझी तुलाच सापडली असती. मोलचा आणि लिटरचा हिशेब मात्र असा जुळेलच असे नाही. येथे डावीकडे सहा रेणू आहेत आणि उजवीकडे सात. ज्वलनात अणू टिकतात, रेणूंची संख्या टिकत नाही. एक लिटर आणि पाच लिटर मिळून सहा लिटरच तयार झाले पाहिजे, असे जे अनेकांना वाटते, त्याला म्हणूनच आधार नाही.

तुझे तिसरे गणित आधी घेतो, कारण तुला ते सर्वांत अवघड वाटले आणि खरे तर ते सर्वांत सोपे आहे. गणित असे: २० मिलिलिटर वायुरूप हायड्रोकार्बन १०० मिलिलिटर ऑक्सिजनमध्ये मिसळून नळीत ठिणगी पाडली, नळी थंड झाल्यावर ७० मिलिलिटर वायू उरला, कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणाबरोबर हलवल्यावर ३० मिलिलिटर राहिला, तर रेणुसूत्र काढा. "ग्रॅम नाहीत, मग मोल कसे काढू?" असे तू समासात लिहिले आहेस, आणि त्याखाली प्रत्येक आकड्याला २२,४०० ने भागायला सुरुवात करून ते खोडले आहेस.

भागण्याची गरजच नाही. समान तापमान आणि समान दाब असेल, तर कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, असे ॲव्होगाड्रो यांनी १८११ साली मांडले. त्याचा अर्थ असा की वायूच्या बाबतीत लिटर हे मोजणीचेच माप आहे. ऑक्सिजन आणि प्रोपेन यांचे रेणू वजनाने वेगळे असले, तरी जागा सारखीच व्यापतात, कारण वायूत बहुतांश जागा रिकामीच असते आणि रेणूचा स्वतःचा आकार तिच्यापुढे नगण्य ठरतो. गंमत म्हणजे इतिहासात मोलच्या आधी लिटरच आले. वायू एकमेकांशी संयोग पावतात ते आकारमानाच्या सोप्या, पूर्णांकी प्रमाणात, हे गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्येच दाखवून दिले होते. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या डाल्टन यांना ते पटले नव्हते, आणि ॲव्होगाड्रो यांचे म्हणणेही सुमारे अर्धशतक बाजूला पडून राहिले; १८६० च्या जर्मनीतील कार्ल्सरुहे येथील परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ कॅनिझारो यांनी ते पुन्हा पुढे आणले. म्हणजे तुझ्या तिसऱ्या गणितात ग्रॅम नाहीत ही उणीव नसून सोय आहे.

तेव्हा मिलिलिटरच मोजू. कॉस्टिक पोटॅश कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, ऑक्सिजनला हात लावत नाही. म्हणून ७० चे ३० झाले त्यात कार्बन डायऑक्साइड होता ४० मिलिलिटर, आणि उरलेला ३० मिलिलिटर हा न वापरलेला ऑक्सिजन. २० मिलिलिटर हायड्रोकार्बनमधून ४० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड आला, म्हणजे प्रत्येक रेणूत कार्बनचे २ अणू. ऑक्सिजन वापरला गेला १०० उणे ३०, म्हणजे ७० मिलिलिटर. त्यातला ४० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइडमध्ये गेला, कारण त्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचा एक पूर्ण रेणू सामावलेला असतो. उरलेला ३० मिलिलिटर पाण्यात गेला. ऑक्सिजनचा एक रेणू हायड्रोजनचे चार अणू बांधून दोन रेणू पाणी करतो. २० मिलिलिटरमागे ३०, म्हणजे एका रेणूमागे दीड, आणि दीड गुणिले चार म्हणजे हायड्रोजनचे ६ अणू. दोन कार्बन, सहा हायड्रोजन: हा इथेन. सूत्र एकही वापरले नाही. तू २२,४०० ने भागत गेली असतीस तरी उत्तर हेच आले असते, कारण सगळीकडे एकाच आकड्याने भागले की तो गुणोत्तरात उडून जातो. मेहनत तेवढी वाया गेली असती.

या गणितात "नळी थंड झाल्यावर" हे शब्द वाचताना तुझी नजर त्यांवरून सरकली असावी, आणि दुसऱ्या गणितातली चूकही नेमकी तिथलीच आहे. ११.६ ग्रॅम ब्युटेन म्हणजे ०.२ मोल, हे तू बरोबर काढलेस. ब्युटेनच्या एका मोलमधून ४ मोल कार्बन डायऑक्साइड आणि ५ मोल पाणी मिळते, हेही बरोबर. मग तू ४ आणि ५ यांची बेरीज ९ केलीस आणि ०.२ × ९ × २२.४ = ४०.३ लिटर असे लिहिलेस. पण एस.टी.पी. म्हणजे शून्य अंश सेल्सिअस. त्या तापमानाला पाणी वायुरूपात राहत नाही. तुझ्या गणितातले एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम, म्हणजे सुमारे १८ मिलिलिटर, चहाचे साडेतीन चमचे. तू त्याला २२.४ लिटर जागा देऊन बसलीस. वायू म्हणून उरतो तो केवळ कार्बन डायऑक्साइड: ०.८ मोल, १७.९ लिटर. हेच गणित १२७ अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला विचारले असते, तर पाण्याची वाफ धरावीच लागली असती. त्या तापमानाला एका मोलचे आकारमान ३२.८ लिटर होते आणि १.८ मोलचे ५९ लिटर.

म्हणून समीकरण लिहिल्याबरोबर पाण्यापुढे ते द्रव आहे की वाफ, हे लिहायची सवय लाव. मी अशी गणिते बरीच वर्षे तपासली आहेत, आणि या प्रकरणात विद्यार्थ्यांचे सर्वाधिक गुण पाण्यातच बुडालेले पाहिले आहेत. वायू पाण्यावर गोळा केला असेल, तर त्यात थोडी वाफ मिसळलेली असते आणि तिचा दाब वजा करावा लागतो. वाफेच्या दाबाचा तक्ता प्रश्नातच दिलेला असतो, त्याची चिंता नको.

ब्युटेनला ऑक्सिजनचे साडेसहा रेणू लागतात, हे पाहून तू गोंधळलीस आणि अर्धा रेणू कसा असेल, असे विचारले आहेस. अर्धा रेणू नसतो, अर्धा मोल असतो. साऱ्या समीकरणाला दोनने गुणून २ ब्युटेन आणि १३ ऑक्सिजन असे लिहिले तरी प्रमाण तेच राहते. मात्र मग मागाहून दोनने भागायला विसरू नये. मला स्वतःला ब्युटेन एकच ठेवून साडेसहा लिहिणे अधिक सुरक्षित वाटते, तुझ्या शिक्षकांचे मत वेगळे असेल तर वर्गात त्यांचेच चालू दे.

आता २२.४ आणि २२.७. दोन्ही खरे आहेत, दाब वेगळा आहे. शून्य अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला आदर्श वायूच्या एका मोलचे आकारमान २२.४१४ लिटर असते. १९८२ साली रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे आययूपॅकने, प्रमाण दाब म्हणून १ ॲटमॉस्फिअरऐवजी १ बार स्वीकारला. बार हा ॲटमॉस्फिअरपेक्षा जरासा कमी, म्हणून वायू जरासा अधिक पसरतो आणि आकडा २२.७११ होतो. जुन्या प्रश्नसंचांतून २२.४ अजूनही हललेला नाही. प्रश्नात दाब दिला असेल तर तोच पाळायचा; दिला नसेल तर ज्या परीक्षेची तयारी आहे, तिच्या पाठ्यपुस्तकातला आकडा घ्यायचा. फरक सुमारे सव्वा टक्क्याचा आहे, तुझ्या पहिल्या गणितात ५.६० आणि ५.६८ एवढा, पर्यायी प्रश्नात पर्यायांकडे पाहूनही प्रश्न काढणाऱ्याच्या मनात कोणता आकडा होता, ते बहुधा कळते. सीईटीला गणकयंत्र नेता येत नाही, म्हणून २२.४ चा निम्मा ११.२, पाव ५.६ आणि दहावा भाग २.२४ हे तोंडी असलेले बरे; प्रश्न काढणारेही वस्तुमाने अशीच निवडतात की ०.०५, ०.१, ०.२५ असेच मोल यावेत.

तापमान शून्य अंश नसेल तर २२.४ बाजूला ठेवायचा आणि वायूचे समीकरण (PV = nRT, म्हणजे दाब × आकारमान = मोल × ०.०८२१ × तापमान) वापरायचे. तेथे तापमान केल्विनमध्येच, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवूनच, हवे. पहिल्या गणितातला ०.२५ मोल ऑक्सिजन २७ अंशाला आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला ०.२५ × ०.०८२१ × ३००, म्हणजे सुमारे ६.१६ लिटर होतो. कोणी ३०० च्या जागी २७ घातले, तर उत्तर ०.५५ लिटर येते. शून्य अंशाला ५.६ लिटर असलेला वायू तापवल्यावर अर्ध्या लिटरवर कसा येईल, हा प्रश्न तेथेच पडायला हवा.

दोन्ही वायूंची मापे दिलेली असली, तर आधी कोणता संपतो ते पाहायचे. वर्गात ज्याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात, तो हाच. ५ लिटर मिथेन आणि ८ लिटर ऑक्सिजन घेतला. मिथेनला दुप्पट ऑक्सिजन लागतो. ८ लिटरमध्ये ४ लिटरच मिथेन जळणार. थंड केल्यावर ४ लिटर कार्बन डायऑक्साइड आणि १ लिटर न जळलेला मिथेन राहील. याहून अधिक त्यात काही नाही.

उपयोगाचे विचारतेस, तर स्वयंपाकघरात ये. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. हिशेबाच्या सोयीसाठी सारा ब्युटेन धरू. ५८ ने भागले की सुमारे २४५ मोल होतात. त्यांना साडेसहापट, म्हणजे सुमारे १,५९० मोल ऑक्सिजन हवा. २५ अंशाला एका मोलचे आकारमान २४.५ लिटर धरले, तर हा ऑक्सिजन ३९ घनमीटर होतो. आणि हवेत ऑक्सिजन आकारमानाने २१ टक्के असल्याने हवा लागते सुमारे १८५ घनमीटर. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली ३४ घनमीटरची असते. एक सिलिंडर अशा साडेपाच खोल्यांतल्या हवेतला सगळा ऑक्सिजन खातो. येथे विद्यार्थी हमखास चुकतात ते २१ टक्क्यांपाशी: ऑक्सिजनला ०.२१ ने भागायचे असते, गुणायचे नसते. हवा ऑक्सिजनपेक्षा कमी आली की समजावे, उलटे झाले.

आणि पाणी? २४५ मोल ब्युटेनमधून सुमारे १,२२५ मोल पाणी येते, म्हणजे २२ किलो. आत गॅस १४.२ किलो आणि बाहेर पाणी २२ किलो, हे ऐकून तुला आश्चर्य वाटेल; पण पाण्याच्या वजनाचा मोठा भाग हवेतून आलेल्या ऑक्सिजनचा असतो. हे पाणी दिसतेसुद्धा. माठातल्या गार पाण्याने भरलेले स्टीलचे पातेले कोरडे पुसून पेटत्या शेगडीवर ठेव आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याच्या बाहेरच्या बाजूकडे पाहा. चकचकीत स्टीलवर धुरकट थर धरतो, क्वचित थेंबही ओघळतात, आणि भांडे तापले की ते नाहीसे होतात. पातेले गळत नसते. ज्वलनातली वाफ गार भांड्यावर द्रव झालेली असते. तुझ्या दुसऱ्या गणितात जे साडेतीन चमचे तू वायूत मोजलेस, ते हेच.

प्रश्नात "पूर्ण ज्वलन" असे का लिहिलेले असते, तेही याच हिशेबातून कळते. ऑक्सिजन कमी पडला तर ब्युटेनचा एक रेणू साडेसहाऐवजी साडेचारच ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइडच्या जागी विषारी कार्बन मोनॉक्साइड देऊ शकतो. पाच बाय सात फुटांची, आठ फूट उंच न्हाणी जेमतेम ८ घनमीटर भरते. तिच्यातला सारा ऑक्सिजन सुमारे ६०० ग्रॅम गॅसमध्ये संपतो, आणि अपूर्ण ज्वलन त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. गॅस गीझर असलेल्या न्हाणीची खिडकी कधीही बंद करू नये असे सांगतात, ते या आकड्यांमुळे.

आता एक गणित मी देतो, ते वहीत पायऱ्यांसह सोडवून पाठव. वेल्डिंगवाल्याकडे जो ॲसिटिलीन वायू असतो, त्याच्या रेणूत कार्बनचे २ आणि हायड्रोजनचे २ अणू असतात. असा २.६ ग्रॅम ॲसिटिलीन २७ अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला पूर्ण जाळायचा आहे. हवा किती लिटर लागेल, आणि सारे पुन्हा २७ अंशाला थंड केल्यावर एकूण किती लिटर वायू उरेल? नायट्रोजन जळत नाही, पण तो कुठे जातही नाही, एवढे लक्षात ठेव.